दोन पांढरी बटणं

आबांनी खुंटीवरचा कोट काढून घडीच्या लांब टेबलावर पसरला, तेव्हाच त्यांच्या मधल्या मुलाने नजर दुसरीकडे वळवली. रविवारची दुपार होती. लाँड्रीचं दुकान बंद, बॉयलर गार, खालच्या यंत्रांची घरघर नाही. एरवी या खोलीत चादरींच्या घड्या घालताना सगळ्यांची तोंडं एकदम चालू असतात, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. आज टेबलाभोवती सात माणसं बसली होती आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आठवी, म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती, खिडकीपाशी पाठीला उशी लावून बसली होती.

कोट मुळात कुणाचा, ते आता कुणालाच आठवत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक धुवायला टाकून गेलं, ते परत फिरकलंच नाही. त्याच सुमारास आबा धंद्याच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी कायमचं भांडून बसले होते आणि त्यांनी कानाला खडा लावला होता, की या घरात मोठ्या गोष्टी तोंडाने ठरवायच्या नाहीत. तोंडाने ठरवलं की भांडण होतं. मग कोट कामाला लागला. प्रत्येकाच्या हातात दोन बटणं द्यायची, शर्टाचं एक पांढरं आणि कोटाचं एक काळं. हो म्हणायचं तर उजव्या खिशात पांढरं टाकायचं, नको म्हणायचं तर काळं. उरलेलं डाव्या खिशात. खिशात गेलेला हात कुणाला दिसतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. नवा ड्रायर, थोरल्या मुलाची गाडी, धाकट्या मुलीचं मोडलेलं लग्न, सगळं या कोटाने ठरवलं. त्यात आबांचा एक नियम होता. ज्याची गोष्ट, त्याचा हात खिशात जायचा नाही. आपल्याच गोष्टीत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणे!

"आबा, कोट परत टांगा," मधल्याची धाकटी बहीण म्हणाली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर पक्क्या शाईने नंबर घालून घालून तिची बोटं निळी झाली होती, म्हणून घरीदारी सगळे तिला शाईताई म्हणत. "ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि आपण नेमकं त्यालाच बाजूला बसवतो. माझ्या लग्नाच्या वेळीही मी तिथेच, खिडकीपाशी बसले होते."

"तुझं भलंच झालं त्यात," आबा म्हणाले.

"झालं असेल. पण ते मला कुणी विचारलं नाही."

मधल्याच्या डोळ्यांपुढून गुरुवार हलत नव्हता. गुरुवारी सकाळी त्याची बायको डागांच्या टेबलापाशी उभी होती, ती टेबलाची कड धरून खाली बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. तिच्यासारखे डाग काढणारं अख्ख्या बाजारात कुणी नाही. शाई, गंज, लोणी, मेण, वंगण, कुठल्या डागाला कुठली बाटली आणि किती चोळायचं ते तिची बोटंच जाणतात. त्यावरून आळीतल्या लोकांनी तिचं नाव 'डागदरीण' पाडलं होतं. गुरुवारी तिला उचलताना मधल्याचे हात भिजले. त्याला वाटलं, टेबलावरची बाटली सांडली. मग त्याने हात उजेडात धरले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद पाहून आधी कागदच परत पाठवला. पुन्हा तपासा म्हणाल्या. पुन्हा तोच आकडा आला, हिमोग्लोबिन पाच पॉइंट नऊ. बारा असायला हवं तिथे पाच पॉइंट नऊ. "अहो, एवढ्या रक्तावर ही बाई उभी कशी होती?" त्यांनी मधल्याला विचारलं. "किती दिवस चाललंय हे?"

आणि मधल्याला सांगता येईना. त्याच घरात, त्याच खोलीत राहणारा नवरा! दोन वर्षांपूर्वी तिला पाळीत फार जायचं, हे त्याला ठाऊक होतं. ऑपरेशन करायचं का, हे ठरवायला कोटही निघाला होता. पण त्यानंतर वर्षभर तिचा चेहरा सुधारला, ती जिने भरभर चढायला लागली, आणि त्याने आपल्याच मनाशी ठरवून टाकलं की आपोआप बरं झालं. पुढे पुन्हा सुरू झालं असेल तर त्याला दिसलं नाही. चादरीवर नाही, गादीवर नाही, मोरीत नाही. दिसणार कसं? डाग काढण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, तिचा डाग मागे राहील होय? भल्या सकाळी उठून थंड पाण्यात घालायचं, गरम पाण्याला शिवायचं नाही, गरम पाण्याने रक्त कपड्यात बसतं. मग मीठ, मग ती कडेची बाटली. मधला उठेपर्यंत दोरीवर स्वच्छ चादर!

रक्ताच्या तीन पिशव्या चढवून काल तिला घरी सोडलं होतं. रक्तस्राव दाबायला गोळ्या दिल्या होत्या. दहा दिवसांनी ऑपरेशन, कुठलं ते घरी बोलून कळवा, म्हणून दोन कागदही दिले होते.

"वाच रे," आबा थोरल्याला म्हणाले.

थोरला गाडी घेऊन हॉटेलांतून आणि घरांतून कपडे गोळा करणारा. गठ्ठ्यांच्या याद्या ओरडून वाचायची त्याला इतकी सवय, की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तो त्याच सुरात वाचतो. "गर्भपिशवीत गाठी चार. मोठी एक, सात सेंटीमीटर, पिशवीच्या भिंतीत. लहान तीन. अस्तराचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही."

"नाही ना? मग झालं तर," माई म्हणाल्या. "बाईच्या जातीला जायचंच. आम्हाला काय कमी गेलं?"

"माई, वाचू दे," थोरली म्हणाली. थोरल्याची बायको, काउंटरवर बसणारी, गिऱ्हाइकाला शब्दाने उभं चिरणारी बाई. तिच्यापुढे माईही जपून बोलत.

"पर्याय," थोरल्याने घसा खाकरला. "एक. खालून दुर्बीण घालून गाठी खरवडणे. पुढे लिहिलंय, मोठी गाठ खोल, एवढ्याने भागणार नाही. दोन. पोटातून दुर्बिणीने गाठी काढून पिशवी शिवून ठेवणे. फरक पडेल, मात्र गाठी पुन्हा येऊ शकतात. तीन. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गाठींचा रक्तपुरवठा बंद करणे, ही सोय मोठ्या इस्पितळात. चार. पिशवी काढणे, बीजकोश जागच्या जागी ठेवून. रक्तस्राव कायमचा बंद. सहा आठवडे जड उचलायचं नाही. बाप रे, सहा आठवडे! डागांचं टेबल कोण बघणार? टीप. अस्तर जाळण्याचा पर्याय पुन्हा सुचवत नाही, कारण रुग्णावर दोन वर्षांपूर्वी ही शस्त्रक्रिया झालेली आहे. खाली सही."

त्याने कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग त्याचा हात हवेतच राहिला. आपण काय वाचलं, ते त्याचं त्याला तेव्हा कळलं.

"कुणाचा कागद आणलास रे?" माईंनी विचारलं.

"गठ्ठा बदलला असणार," आबा लगेच म्हणाले. या घरात काहीही भलतं निघालं की पहिला संशय तोच. कुणाचा शर्ट कुणाकडे गेला, तसा कुणाचा कागद कुणाकडे. "नंबर बघ गं, शाईताई."

शाईताईने कागद ओढून घेतला. कॉलरवरचा नंबर पाहावा तसा तिने केसपेपरचा आकडा दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला, एकदा वरून, एकदा खालून. "नंबर बरोबर आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"माझाच आहे," खिडकीकडून आवाज आला. "बदललेला नाही."

मधल्याने मान वळवली. बायकोचा चेहरा अजून कागदासारखा पांढरा होता, पण आवाज स्थिर होता.

"लेक दहावीला होती तेव्हा," डागदरीण म्हणाली, "मी भावाच्या घराचं सामान हलवायला म्हणून दोन दिवस गेले होते ना, तेव्हा. सामान-बिमान काही नव्हतं. आत एक फुगा घालतात, त्यात गरम पाणी भरतात, अस्तर जाळतात. दहा मिनिटांचं काम. सकाळी गेले, संध्याकाळी सुटले. तेव्हा गाठी बारीक होत्या. डॉक्टर म्हणाले होते, काहींना कायमचा गुण येतो, काहींना नाही. मला चौदा महिने आला."

माईंच्या हातातला पदर तसाच राहिला होता. आबा कोटाकडे बघत होते, जणू त्याने काही खुलासा करावा.

"एकटी गेलीस?" शाईताईने विचारलं. "ऑपरेशनला?"

"एकटीला कोण घेतं? मी गेले होते सोबत," थोरली म्हणाली.

आता मात्र थोरला ताडकन उठला. या दोन जावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. इस्त्रीचं टेबल कुणाचं, यावरून त्यांनी एकदा महिनाभर अबोला धरला होता. एकीने उन्हात टाकलेलं दुसरी सावलीत नेणार. घरात कुणाला काही लपवायचं असेल तर या दोघींपैकी एकीला सांगावं, दुसरीला कधी कळायचं नाही, असं थोरलाच हसत म्हणायचा.

"तू? माझी गाडी घेऊन?"

"गाडीचं काय घेऊन बसलायत? बाई जगली ते बघा. कागदावर सहीसुद्धा मीच केली."

"आणि मला दोन वर्षं पत्ता नाही!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बारा हॉटेलांना कळलं असतं."

माई इतका वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "थांबा गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. "अस्तर जाळलं म्हणजे? म्हणजे मूल…"

"नाही माई. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, यानंतर दिवस राहू द्यायचे नाहीत, जिवावर बेतेल. ती काळजी मी घेत आले."

"आणि मी दोन वर्षं तुला दुसऱ्या मुलाचं विचारत राहिले!"

"हो. दर महिन्याला."

माईंनी तोंडाला पदर लावला. राग आला होता, लाज वाटली होती की रडू येत होतं, त्यांनाही सांगता आलं नसतं. आबांनी टेबलावर बोट आपटलं. "कोटाने 'थांबा' म्हटलं होतं. चार काळी, दोन पांढरी. मी स्वतः मोजली होती."

"म्हटलं होतं आबा. मी ऐकलंही होतं. पण रक्त माझं जात होतं."

मधला मनात हिशेब लावत होता. स्वतःच्या पोटात आग लावून आली होती ती, आणि रात्री त्याच्या शेजारी येऊन झोपली होती. त्याने विचारलं असेल, सामान हललं का नीट? विचारलंच असेल. ती हो म्हणाली असेल. आणि त्याने कूस बदलली असेल.

"मला?" तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सगळ्यांपासून लपवलंस, समजू शकतो. पण मला सांगावंसं वाटलं नाही? मी कोण आहे तुझा? वाटेवरचा माणूस?"

डागदरीण त्याच्याकडे बघून हसली. फार मायेने हसली. त्या हसण्याचीच नंतर त्याला जास्त भीती वाटली.

"अहो, तुमच्यासाठीच तर लपवलं. सगळ्या घरात तुम्ही माझ्या बाजूने होतात. मला त्या रात्री सांगितलंत ना, माझं पांढरं होतं म्हणून? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात सोबत. मग आबांचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं, बाप-लेकात फूट पडली असती. माझ्यासाठी आधीच एकदा वाईटपणा घेतलात, आणखी किती घ्यायला लावायचा? म्हणून जाऊबाईंचे पाय धरले."

मधला टेबलाकडे बघायला लागला. टेबलावर लाकडाची जुनी रेघ होती, तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला.

खरं काय होतं ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्या आठवड्यात मोठ्या हॉटेलाचं काम नव्याने आलं होतं, महिनाभर बघतो म्हणाले होते. टेबलावरची कापडं, रुमाल, आचाऱ्यांचे डगले, सगळे डागांनी भरलेले. आणि डागदरीण पंधरा दिवस आडवी पडली तर काम हातचं जाणार. मधल्याने एवढाच विचार केला होता. दोन महिन्यांनी करू, काय बिघडतं? खिशात हात घातला, काळं टाकलं. वर जाताना ती जिन्यात रडत बसलेली दिसली, आणि तिला बरं वाटावं म्हणून तो बोलून गेला, "माझं तुझ्याकडे होतं." बोलायला एक क्षण लागला होता. हॉटेलाचं काम टिकलं. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली आणि ती गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. त्याने तर नाहीच.

"दादा एकटा कसा बाजूने?" शाईताई म्हणाली. ती अजून कागदच बघत होती. "वहिनी, पांढरं मीही टाकलं होतं."

"तू होय! मला वाटलं माईंचं असेल दुसरं," डागदरीण म्हणाली.

"माझं कुठलं?" माई पदराआडून म्हणाल्या. "मी काळं टाकलं. खोटं कशाला बोलू?"

"आणि मी काय काळं टाकीन?" थोरली फणकाऱ्याने म्हणाली. "जिला घेऊन इस्पितळात गेले, तिच्या विरुद्ध? माझंही पांढरंच…"

ती मध्येच थांबली. पण शब्द गेलेला होता, आणि या घरात सगळ्यांना मोजता येतं. दोन पांढरी. एक शाईताईचं, एक थोरलीचं. तिसरं नव्हतंच.

लेकीने आधी बापाकडे पाहिलं. मग थोरल्याने पाहिलं, मग आबांनी. मग सगळ्यांनी एकदमच नजरा काढून घेतल्या. फक्त डागदरीण कुणाकडेच बघत नव्हती. तिच्या कपाळावर आठी पडली होती, गठ्ठ्यात एक कपडा कमी भरल्यावर पडायची तशी, आणि तिचे ओठ हलत होते.

थोरलीने तिचा चेहरा पाहिला. मधल्याने थोरलीला तो पाहताना पाहिलं. आयुष्यात कधी माघार न घेतलेली ती बाई एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, मी पण काय! माझं काळंच होतं गं तेव्हा. नंतर तुझी दशा बघून मन पालटलं. म्हणून तर आले सोबत. डोकंच चालत नाही आज."

खोटं होतं ते, धडधडीत. सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना हायसंही वाटलं. आबा घाईघाईने म्हणाले, "कुणी सांगायची गरज नाही. गुप्त ते गुप्त. म्हणून तर कोट आहे." थोरल्याने "हो, हो" म्हणून मान डोलावली. माईंनीही डोलावली. बघता बघता सगळं घर मधल्यावर पांघरूण घालायला उभं राहिलं. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर त्याला छान जमत होतं.

डागदरिणीने जावेकडे बघितलं. "काळं टाकलंत?" ती म्हणाली. "आणि मग माझ्यासोबत येऊन सही केलीत?" तिच्या आवाजात दुखावलेपण होतं. दोन वर्षांत जोडलेलं एकुलतं एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत तिच्यापासून सुटत होतं, आणि थोरली खाली मान घालून ते सोसत होती.

ते मात्र मधल्याला बघवेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं त्याने आणि तोंड दुसरीचं पोळत होतं.

"वहिनी खोटं बोलतायत," तो म्हणाला. "पांढरं त्यांचंच होतं. काळं मी टाकलं."

"दादा," शाईताई पुटपुटली.

"हॉटेलाचं काम जाईल म्हणून टाकलं. आणि तुला खोटं सांगितलं. तू रडत होतीस म्हणून."

डागदरिणीने खिडकीची चौकट धरली. लेक धावली, थोरली धावली, कुणी पाणी आणलं. तिने पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मधला उठला होता, पण तिच्यापर्यंत चार पावलं होती आणि ती टाकायची त्याची छाती होईना.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "भूल उतरताना पोटात कळा येत होत्या ना, तेव्हा मी मनात म्हणत होते, जाऊ दे, निदान आपला माणूस आपल्या बाजूने आहे. हे पुन्हा सुरू झालं, पहाटे उठून मोरीत उकिडवं बसायला लागले, तेव्हाही तेच म्हणत होते. मला राग येत नाहीये. मला काही येतच नाहीये. असं कसं झालं?"

तिने खरंच विचारलं होतं.

आबा चाचपडत बोलले. "बरं. झालं ते झालं. आता पुढचं तर ठरवायला हवं. पिशवी काढायची की गाठी काढून ठेवायची." त्यांनी सवयीने लेकीपुढे दोन बटणं सरकवली. मागच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली होती. तिचं हे पहिलं मत. गेल्या महिन्यापर्यंत तिला त्याची केवढी हौस होती!

लेकीने बटणांना हात लावला नाही. "आईच्या पोटात काय ठेवायचं, ते मी बटण टाकून ठरवू?" ती म्हणाली. "आबा, उद्या माझ्या पोटाचं पण असंच ठरवाल?"

आबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसायला लागला. त्यांनी बटणं मागे घेतली आणि मुठीत धरून बसले.

"ठरवायचं काही उरलेलं नाही," डागदरीण म्हणाली. "काल निघतानाच मी डॉक्टरीणबाईंना सांगून आले. चौथं. पिशवी काढायची."

"अगं, पण ताकद जाते म्हणतात," माई कळवळून म्हणाल्या. "गाठी तेवढ्या काढून बघ ना. बाईचं बाईपण…"

"ताकद माझी महिन्याच्या महिन्याला मोरीत जातेय माई, ती नाही दिसली कुणाला. बीजकोश राहणार आहेत, शरीराला जे पाहिजे ते मिळत राहणार आहे. मी सगळं विचारून घेतलं. गाठी काढल्या तर पुन्हा येतील, पुन्हा मी या खिडकीपाशी बसेन. ते मला नको. पिशवी गेली की वाईट वाटेल, रडेनही कदाचित. लेक तिथेच वाढली माझी. पण काढायची."

माई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता आदळआपट होणार. पण त्या खिडकीपाशी गेल्या आणि सुनेच्या हातातला पेला आपल्या हाताने तिच्या तोंडाला लावला. "पी आधी," त्या म्हणाल्या. "मलाही फार जायचं गं. कुणी विचारलं नाही, म्हणून मीही कुणाला विचारलं नाही."

डागदरीण पाणी प्याली. मग तिने लेकीला खूण केली, आणि लेकीने टेबलावरून दुसरा कागद आणून दिला. संमतीचा. तिने मांडीवर धरून स्वतःच्या नावापुढे सही केली. मग पेन थांबलं.

"सोबत कोण, ते लिहायचंय," ती म्हणाली.

"मी आहे की," थोरली म्हणाली. "मागच्या वेळी होते, आताही आहे."

"तुम्ही आहातच. तुम्ही माझ्याजवळ थांबा, आत नेईपर्यंत." ती मधल्याकडे वळली. दुपारभरात पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पण ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन सांगतात. काय काढलं, काय सापडलं, काय बिघडलं. मी भुलीत असेन. ते ऐकून मला जसंच्या तसं सांगणारं कुणीतरी लागतं. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. तुम्हाला जमेल?"

"जमेल" हा शब्द मधल्याच्या जिभेवर तयार होता. जिन्यातलं ते वाक्यही असंच जिभेवर तयार होतं. त्याने तोंड मिटलं. सगळं घर त्याच्याकडे बघत होतं. त्याला इस्पितळातली ती खोली आठवली, डॉक्टरीणबाईंचा चेहरा आठवला, पाच पॉइंट नऊ, आणि उजेडात धरलेले आपले हात.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "वाईट काही असलं तर तुझ्या तोंडावर सांगायला जीभ रेटेल की नाही, मला माहीत नाही."

तिने पेन पुन्हा सरळ धरलं.

"हे खरं बोललात," ती म्हणाली, आणि कागदावर त्याचं नाव लिहायला घेतलं.